जारच्या पाण्यात लागलेली जीभ

प्रिय दाजी,

खिडकीच्या जाळीच्या तीन चाळण्या, इंचाला किती तारा ते मोजून बसवलेल्या: दहा, सोळा आणि चोवीस. शिलाई मशीनच्या दांडीचा काटा, पाव ग्रॅमला झुकणारा. पावसाळ्यात पत्ती सादळू नये म्हणून आतून पत्रा ठोकलेली सागवानी पेटी. बाभळीची चार मापं. चहा चाखायच्या सहा वाट्या, म्हणजे पांढरे कपच, कान तोडून कानशीनं घासलेले. आणि लेबलचा लाकडी ठसा, उलटी अक्षरं कोरलेला. त्यातल्या 'पूर्णा'चा रफार तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला.

हे सगळं माझ्या हातचं. कुणी शिकवलं नाही. दहावी नापास माणूस पूर्णेत बसून आसाम, दार्जिलिंग, निलगिरी ओळखायला शिकला! तुम्हाला हे भाषण पाठ आहे. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते ऐकवायचो आणि तुम्ही त्याच्या पाठीमागं उभं राहून, आवाज न करता, माझ्याबरोबर ओठ हलवायचात. मला दिसायचं, दाजी.

या यादीत एक गोष्ट नाही. ती यादीत घालून द्या म्हणून एक माणूस माझ्याकडं आला होता, आणि त्यासाठीच हे पत्र.

पुण्याकडचा व्यापारी. आपल्या 'रनिंग रूम' कोऱ्या चहाची कृती आणि नाव विकत मागत होता. आज दुपारी बारा वाजता मी त्याला नाही म्हणालो. तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाही. तीनदा चहा टाकला आणि तिन्ही वेळा मिनिटं मोजायची विसरलो. मी विसरलो, दाजी! आता शटर अर्धं ओढून गल्ल्यावरच लिहायला बसलोय. मधूनच उठतो, पेटीचं झाकण लागलंय का बघतो, परत बसतो. झाकण लागलेलंच असतं.

किती देत होता, ते शेवटी सांगीन. आधी सांगितलं तर तुम्ही आकडाच धरून बसाल आणि बाकीचं काही ऐकणार नाही. भाजी आणली तरी "कितीला?" हे तुमचं पहिलं.

तुम्हाला आठवतं का, आमच्या आक्काला बघायला आला होतात तेव्हाचं? मी नववीत. माईनं म्हशीच्या घट्ट दुधाचा चहा केला, वर वेलदोडा. तुम्ही कपाकडं बघून हळूच म्हणालात, "कोरा मिळंल का?" दुभत्या घरात पाहुण्याला कोरा चहा द्यायचा, आणि तोही नवरदेवाला? माईला वाटलं स्थळ मोडलं. आमचे अण्णा उठले, तुम्हाला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "बगा, दोन म्हशी हायेत. दुधाला तोटा न्हाई आमच्यात."

तुम्ही म्हशी बघितल्या, पाठीवर हातसुद्धा फिरवला आणि सांगितलं, "मामा, म्हशी लय ब्येस हायेत. पर मी रनिंग रूमला सैपाकी हाय. डायवर लोकायच्या येण्याजाण्याची येळ न्हाई, दूध ठिवलं की नासतं. कोऱ्याचीच सवय लागली बगा."

त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा पाहुण्यासाठी कोरा चहा झाला. माईनं तो मागच्या दारानं आणून दिला, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

मी खराखुरा चहा पहिल्यांदा प्यालो तो तुमच्याच हातचा, पुढच्या वर्षी. स्टेशनच्या मागं रनिंग रूम, गाडी सोडून आलेले ड्रायव्हर आणि गार्ड आत झोपलेले, आणि तुम्ही ओट्याशी. एका गार्डच्या भावानं आसामहून पत्ती पाठवली होती. स्टीलच्या पेल्यात तांबडालाल पाणी. तुम्ही म्हणालात, "आधी वास घ्या पाव्हणं. कशाचा हाय?" मी म्हणालो, चहाचा. "हॅट! हुरडा भाजल्याचा न्हाई का येत?"

येत होता! आगटीतनं काढलेल्या कणसाचा. पुढं मी मोबाइलवर शोधून, पुडक्यांवरचं वाचून, कोलकात्याच्या दलालांकडून नमुने मागवून पंचवीस वर्षं शिकलो. आसामच्या चहाच्या चवीला या धंद्यात भाजक्या धान्याची चव म्हणतात हेही कळलं. पण हुरडा तुम्ही आधी सांगितला होता. निलगिरीची वाटी पहिल्यांदा तुमच्या पुढं केली तेव्हा म्हणालात, "चैतात लिंबाखाली बसल्यावानी वाटायलंय." कडुनिंबाचा मोहोर! कुठल्या पुस्तकात हे नाही.

आणि ते वांगं. मी तुम्हाला अर्धा तास समजावत होतो की हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा. पान सुकवतात, पिळतात, हवेत पडू देतात, मग ते तांबूस होतं, त्यालाच चव येते. तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "म्हंजी चिरून ठिवल्याल्या वांग्यावानी." झालं! त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांना वांगंच सांगतो. लोक म्हणतात, काय सोपं करून सांगता हो! मी मान हलवतो. तुमचं नाव कधी घेतलं का मी? नाही घेतलं.

आता जी गोष्ट लिहायची टाळतोय ती लिहितो.

सव्वादोन वर्षांपूर्वी मी दार्जिलिंगचं मिश्रण काढलं होतं. चार भाग आसामचा दाणा, तीन भाग दार्जिलिंगचं पान. दुकानात वाटी लावली की द्राक्षाच्या सालीसारखा वास यायचा. रंग असा की तळाला ठेवलेलं नाणं वाचता यावं. मी खूश. आणि गिऱ्हाइकं मात्र तक्रारी करायला लागली. देवगाव फाट्याचा हॉटेलवाला पुडके परत घेऊन आला आणि म्हणाला, "शेठ, तुमच्या कोऱ्या चहावर साय धरायली. बिनदुधाची साय! लोकं हसायलेत मला."

मी त्याला म्हणालो, तुझी भांडी घाण आहेत.

त्याच दिवशी तुम्ही तुमच्या चुडाव्याहून पॅसेंजरनं आलात. दुकानात तिघंजण उभे होते. मी तुमच्या पुढं वाटी ठेवली. तुम्ही सुर्रकन ओढून चाखलं, डोळे मिटले, आणि विचारलं, "पाणी कोणचं?"

"जारचं."

"इथं लय झ्याक हाय. पर घरी न्हाई लागायचं असं."

"घरी का नाही लागणार? पत्ती तीच, माप तेच, मिनिटं तीच!"

"मंग जारवाल्यालाच इका ना सगळी," तुम्ही म्हणालात. तिघं खो खो हसले.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "दाजी, तंबाखूनं तुमची जीभ करपलीय. इथनं पुढं माझ्या चहाला नावं ठेवू नका."

तुम्ही वाटी खाली ठेवली. अर्धी. रनिंग रूममध्ये पेल्याच्या तळाशी गाळ राहिला तर तोही धुऊन पिणारा माणूस तुम्ही. त्या दिवशी अर्धी वाटी ठेवून निघून गेलात. तुम्ही भांडला का नाहीत? दोन शिव्या दिल्या असत्या! मोठे होता तुम्ही, हक्क होता तुमचा.

त्यानंतर आठ महिने. आपण भेटलो नाही असं नाही. बारशाला भेटलो, पोळ्याला भेटलो. चहा पुढं केला की तुम्ही म्हणायचात, "नगं, आत्ताच झाला." एवढंच. मला वाटायचं, एखाद्या दिवशी घेतील. मग माघात आक्काचा फोन आला की हे सकाळी उठलेच नाहीत.

तेरवीला चुडाव्याला मी हट्टानं माझीच पत्ती नेली. दार्जिलिंगवाली. माणसं दीडशे, मोठं पातेलं, अंगणातल्या विहिरीचं पाणी. मी स्वतः उभा राहून पाच मिनिटं मोजली, कुणाला पळी घालू दिली नाही. आणि ओतला तर काय? पाटी धुतल्यासारखं पाणी! वर चकचकीत तवंग, काठाला काळी रेघ. लोक बिचारे पीत होते. तेरवीच्या चहाला कोण नाव ठेवणार?

तुमच्याबरोबरचे एक म्हातारे ड्रायव्हर होते, ते हळूच म्हणाले, "भाऊ, लिंबू हाय का? तुमचे दाजी थेंबभर पिळायचे. आमच्या रनिंग रूमच्या बोरचं पाणी असंच जड. ते म्हनायचे, पाणी आपल्याला बदलता येत न्हाई, मंग पत्ती तरी बदला."

पाणी! पाणी कोणचं, हे तुम्ही मला विचारलं होतं. मी उत्तरही दिलं होतं. आणि तरी मला ऐकू आलं नाही, दाजी. पूर्णेपासून फाट्यापर्यंत अख्खा मुलूख विहिरीच्या नाहीतर बोरच्या जड पाण्यात चहा करतो आणि मी जीभ लावून बसलो होतो जारच्या हलक्या पाण्याला. जड पाण्यात दार्जिलिंगसारखा नाजूक चहा मरतो. पाव ग्रॅम मोजणाऱ्या माणसाला हे कळू नये?

मी आत गेलो. बायकांसाठी आक्कानं वेगळा चहा ठेवला होता, त्याच विहिरीच्या पाण्याचा. तांब्याच्या नव्या घागरीसारखा रंग! वर तवंग नाही. मी एक घोट घेतला: आधी हुरडा, मग मागून लिंबाचा मोहोर.

"आक्के, ही कोणती पत्ती?"

"तुझ्याच दुकानातली. दर आठवड्याला सुटी सुटी न्यायचे न्हाई का मी? आसामची येगळी, निलगिरीची येगळी. हे घरी बसून कालवायचे."

मला वाटायचं आक्का भावाच्या धंद्याला हातभार लावतेय.

"मग मला सांगितलं का नाही त्यांनी?"

आक्कानं ओल्या हातानं डबा पुसला आणि माझ्या हातात दिला. "म्हनले, त्याची जीभ जारच्या पाण्यात लागलीया. ती चटक उतरली की इचारंल."

मी विचारायला आलो नाही. आठ महिने तुम्ही वाट बघितलीत आणि मी आलो नाही.

डब्यात अर्धा किलो होती. कागद नाही, चिठ्ठी नाही, तुम्ही कधी काही लिहिलंय? मी ती दुकानात आणली आणि माझ्या तिन्ही चाळण्यांतून काढली. दहाच्या जाळीवर मोठं पान राहिलं, सोळावर मधलं, आणि दाणा चोवीसवर. जे मिसळून राहिलं ते चिमट्यानं वेचलं, पांढऱ्या ताटात, तीन दुपारी. मग काट्यावर तोललं. सहा भाग आसामचा दाणा. दोन भाग निलगिरीचं पान. आणि एक भाग आसामचं मोठं पान, काड्या फार म्हणून मी बाजूला टाकलेलं आणि आक्काला फुकट दिलेलं! जड पाण्यात नुसता दाणा रंग देतो, पण चव बसकी लागते. त्या टाकाऊ पानानं ती उठून येत होती. मिनिटंही तुमची वेगळी, हे आक्कानं सांगितलं: पत्ती पाव चमचा जास्त, झाकण ठेवायचं, आणि पाचऐवजी चार मिनिटं. पाणी एकदाच उकळायचं, उकळलेलं परत नाही.

मी नवा ठसा कोरला: 'रनिंग रूम'. दीड वर्ष झालं. फाट्याचा हॉटेलवाला आता दहा-दहा किलो नेतो.

आणि लोकांनी विचारलं, "कुणी काढलं हे?" की मी काय म्हणायचो, सांगू?

"मीच."

एकदा म्हणालो, मग म्हणतच राहिलो. दुसऱ्यांदा म्हणताना सोपं जातं.

हेच ऐकून तो व्यापारी आला. भला माणूस, खोटं कशाला बोलू. चाळण्या हातात घेऊन बघितल्या, जाळीच्या तारा मोजल्या. माझा फोटो काढला. म्हणाला, "पाकिटावर तुमचा फोटो आणि तुमची गोष्ट छापायची. स्वतःच्या हातानं सगळं शिकलेला माणूस! लोकांना आवडतं." दाजी, मी नको म्हणणार होतो का? आयुष्यभर दुसरं काय मागितलं मी? आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो.

कागद त्यानं माझ्या पुढं ठेवला. मी ओळ न् ओळ वाचतो, तुम्हाला ठाऊक आहे. तिसऱ्या ओळीत होतं: 'सदर मिश्रण मी स्वतः, एकट्याने, अन्य कोणाच्याही साहाय्याशिवाय तयार केले आहे.' पेन माझ्या हातात होतं. टोपण काढलेलं.

मी म्हणालो, "इथं दोन नावं लिहा."

"दुसरं कुणाचं?"

"माझ्या दाजींचं. वारले ते. जड पाण्याचं हे गणित त्यांचं, तेही छापा."

तो हसला, वाईट अर्थानं नव्हे. "त्यांच्या घरच्यांना हरकत असेल तर त्यांची सही घेऊ, वाटा देऊ. पण पाकिटावर एकच माणूस पाहिजे. दोघांची गोष्ट चालत नाही हो. आणि ते पाण्याचं राहू द्या. पाणी ज्याचं त्याचं."

पाणी ज्याचं त्याचं! तेवढं तो बोलला नसता तर मी कदाचित सही केली असती. हे मी फक्त तुम्हाला सांगतोय. मी टोपण लावलं.

सुनंदा पडद्याआडून ऐकत होती. तो गेल्यावर बाहेर आली. तुमच्या मेव्हण्याची, म्हणजे माझीच, बायको आहे ती, बावीस वर्षं भाड्याच्या गाळ्यात पुड्या बांधतेय. म्हणाली, "दीड वर्सं 'मीच काढला' म्हनून सांगत फिरलाव, तवा जीभ जड न्हाई झाली. आन आपल्या मालकीचा गाळा व्हायची येळ आली तवा झाली व्हय?"

तिचं एक अक्षर खोटं नाही.

मग आक्काला फोन लावला. मला वाटलं, ती तरी रडेल, बरं केलंस म्हणेल. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घ्यायचे की मंग, येड्या! अर्धे मला दिले असते. आन फोटूचं काय? ह्यांचा फोटू तसाबी बरा येत नव्हता."

दाजी, ती थट्टा करत होती की खरंच म्हणत होती? फोन ठेवून मी तासभर हेच घोकतोय. तुमच्या बायकोला पैसे पाहिजे होते, माझ्या बायकोला गाळा पाहिजे होता, आणि तुम्हाला तर नावाची कधी हौसच नव्हती. मग मी नाही म्हणालो ते कुणासाठी? यातही माझा गर्वच नाही ना? आधी 'मीच काढला' म्हणायचा गर्व, आता नाकारल्याचा? तुम्ही असता तर एका वाक्यात माझी जिरवली असती. आता ते वाक्य मी एकटा शोधतोय आणि सापडत नाही.

एवढं मात्र कळतं की ती तिसरी ओळ खोटी होती, आणि मी मोजून मापून खोटं लिहू शकत नाही. बोलू शकतो, हे सिद्ध झालंच आहे.

म्हणून शब्द देतो. दुकानात सवयीनं अजून जारच येत होता; जारवाल्याला आजच सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. इथून पुढं प्रत्येक वाटी बोरच्या पाण्यात लागेल, आणि महिन्यातून एकदा तुमच्या चुडाव्याच्या विहिरीच्या. ठसा नवा कोरायला घेतलाय. 'रनिंग रूम'च्या खाली 'कृती चुडाव्याच्या दाजींची' एवढं बसवायचंय. उलट्या अक्षरांत 'दाजी'ची वेलांटी चुकली, दुसरा तुकडा तासतोय. वांगंसुद्धा तुमच्या नावानंच सांगीन. फाट्याच्या हॉटेलवाल्यापुढं जाऊन सांगीन की तुझी भांडी स्वच्छ होती, आणि हे मी नव्हतं काढलं. सुनंदाला गाळा कसा घेऊन द्यायचा ते अजून सुचलेलं नाही, पण तेही करीन. आणि आक्काला दर आठवड्याला डबा पोहोचता होईल, तिला दुकानात यावं लागणार नाही. तुमची अर्धी राहिलेली वाटी मला कशानंच भरता येणार नाही. पण कुणी पाहुण्यानं कप अर्धा ठेवला तर आधी त्याला विचारीन की काय चुकलं.

आता आकडा. तंबाखूची चंची बाजूला ठेवा आणि ऐका. 'रनिंग रूम'ची कृती, नाव, आणि पाकिटावर माझ्या एकट्याचा फोटो, याचे तो रोख नऊ लाख रुपये देत होता, दाजी. मी नको म्हणालो.

तुमचा पाव्हणा,
बालाजी
पूर्णा